दुरून लावलेला निकाल

4 जून 2024, मंगळवार. भारतात सकाळी आठला मतमोजणी सुरू झाली तेव्हा जर्मनीत पहाटेचे साडेचार वाजले होते. आम्ही आठ-नऊ मराठी माणसं एका मित्राच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. कुणी ऑफिसात उशिरा येतो असं कळवलं होतं, कुणी सरळ रजाच टाकली होती. एक्झिट पोलनी तीन दिवस आधी रंगवलेलं चित्र पहिल्या काही तासांतच पुसलं गेलं. दिवस संपला तेव्हा भाजप 240, काँग्रेस 99, रालोआ 293 आणि इंडिया आघाडी 234 असे आकडे होते. महाराष्ट्रात 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीकडे गेल्या होत्या. खोलीतल्या काहींचे चेहरे पडले, काहींचे उजळले. मग दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं ते माझ्या मनातून अजून जात नाही. "या देशाचं काही होणार नाही. लोकांना जात कळते आणि फुकटचं धान्य कळतं," असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "जनता शहाणी आहे. बरोबर धडा शिकवला." तेवढ्यात पहिल्याला पुण्याहून चुलतभावाचा फोन आला. तिकडून आवाज ऐकू आला, "तुम्ही देश सोडून गेलात ना? मग आमच्या निकालाची उठाठेव कशाला?"

परदेशात राहणाऱ्या भारतीयाने मायदेशाच्या निवडणुकीवर बोलावं की नाही, हा वाद दर निवडणुकीला होतो आणि दर वेळी याच तीन वाक्यांभोवती घुटमळतो. मला तिन्ही चुकीची वाटतात. पहिली दोन तर परस्परविरोधी वाटली तरी एकाच कुळातली आहेत. माझं म्हणणं असं आहे: सरकारवर, पक्षांवर, धोरणांवर बोलायचा हक्क परदेशस्थाला पुरेपूर आहे आणि अंतराने तो उणा होत नाही. पण मतदाराला शहाणा किंवा मूर्ख ठरवायचा हक्क त्याला नाही. कारण त्या मताचे परिणाम त्याच्या अंगावर पडत नाहीत, आणि त्या मतामागची कारणं शोधायचे कष्टही तो बहुतेक वेळा घेत नाही. ज्या परदेशस्थाच्या अंगावर ते परिणाम खरोखर पडतात, त्याला तर या वादात कुणी बोलावतच नाही.

मी निफाड तालुक्यातली. आमचं गाव दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येतं. तिथे केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार लाखाहून अधिक मतांनी पडल्या आणि भास्कर भगरे हे शिक्षक निवडून आले. आमच्या खोलीत यावर दोन मिनिटांत निदान झालं: जातीची गणितं आणि सहानुभूतीची लाट. संध्याकाळी मी धाकट्या भावाला फोन केला. त्याने ना कुठल्या नेत्याचं नाव काढलं ना पक्षाचं. "ताई, लाल कांदा निघायला लागला आणि नेमकी तेव्हाच बंदी आली. आठवतं का तुला?" मला आठवत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी तारखा काढून पाहिल्या. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनामागे 800 डॉलर किमान निर्यातमूल्य ठरलं. 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. मार्चअखेर ती उठेल म्हणून लोक वाट पाहत होते, तर मुदत पुढे वाढली. शेवटी 4 मे रोजी बंदी उठली, तीही 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क लावूनच. आमच्याकडे मतदान होतं 20 मे रोजी. म्हणजे काढलेला माल पडत्या भावात विकून झाल्यावर, मतदानाला सोळा दिवस उरले असताना, दार अर्धवट उघडलं.

शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडावा म्हणून बंदी घातली, असं सरकारचं म्हणणं होतं. त्या म्हणण्यातही तथ्य आहे; मुंबईत दोन खोल्यांत राहणाऱ्या बाईचं महिन्याचं गणितही खरंच असतं. कुणी त्या बाजूने बोललं तर मी ऐकून घेईन, वाद घालीन. पण लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट पाहणाऱ्या माणसाने हा हिशेब मनात धरून बटण दाबलं असेल, तर त्याला "जात कळते" एवढंच कळतं, असं कसं म्हणायचं? एका भावाच्या फोनवरून साऱ्या मतदारसंघाचं मन कळत नाही, हे मलाही कळतं. तिथे जातीचं राजकारण नाही असाही माझा दावा नाही. पण एक फोनसुद्धा न करता दिलेला निवाडा त्याहून कितीतरी पोकळ असतो. आणि लाज याची वाटली की ज्या मातीत वाढले तिथल्या डिसेंबरातली एवढी मोठी गोष्ट मला सहा महिन्यांनी शोधून काढावी लागली.

पुढे नोव्हेंबर आला. 23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचा निकाल लागला. भाजप 132, शिंदे यांची शिवसेना 57, अजित पवारांची राष्ट्रवादी 41. समोर आघाडीचे तिन्ही मुख्य पक्ष मिळून 46. तीच माणसं, तीच गावं, मध्ये फक्त साडेपाच महिने. आमच्याकडे भूमिका जशाच्या तशा उलटल्या. जूनमध्ये "जनता शहाणी" म्हणणारा मित्र आता "दीड हजारात विकले गेले" म्हणत होता, आणि जूनमध्ये देशाबद्दल निराश झालेल्याला अचानक महाराष्ट्राच्या बायकांच्या विवेकाचा साक्षात्कार झाला होता. पहिली दोन वाक्यं एका कुळातली आहेत असं मी म्हणते ते यासाठी. मतदाराची स्तुती करणारा आणि त्याला शिव्या घालणारा, दोघेही मतदाराकडे पाहत नसतात. आपल्याला हवा तो निकाल लागला का, एवढंच ते पाहत असतात.

'लाडकी बहीण' योजनेतून बायकांना दरमहा मिळणाऱ्या त्या दीड हजारांवर जरा थांबते, कारण "विकले गेले" हा शब्द मला फार लागला. दीड हजार रुपये म्हणजे तेव्हाचे सोळा-सतरा युरो. मला इथे 2024 मध्ये मुलामागे दर महिन्याला 250 युरो सरकारकडून मिळत होते. माझा पगार किती, मला गरज आहे का, कुणी विचारलं नाही. इथल्या प्रत्येक आईबापाला ते मिळतात. इथले पक्ष निवडणुकीच्या जाहीरनाम्यात ती रक्कम वाढवायची आश्वासनं देतात आणि लोक ती आश्वासनं पाहून मत देतात. ते विकले जातात असं आम्ही कधी म्हटलंय? उलट "युरोपातली कल्याणकारी व्यवस्था बघा" म्हणून गावाकडच्यांना कौतुकाने सांगतो. मग नवऱ्यापुढे हात न पसरता खर्च करता येणारे पहिले पैसे एखाद्या बाईच्या खात्यावर आले आणि तिने ते लक्षात ठेवलं, तर तिचं मत कमअस्सल कसं? योजना निवडणुकीच्या तोंडावर आणली, तिजोरीवरचा भार झाकून ठेवला, हे आक्षेप रास्त आहेत. ते सरकारवरचे आक्षेप आहेत. ते तिच्या माथी मारायचं कारण नाही.

आता त्या चुलतभावाकडे वळते. "देश सोडलात, आता गप्प बसा" हे तो रागात म्हणाला, पण त्या रागाखाली एक भक्कम विचार आहे आणि तो त्याच्यापेक्षा नीट मांडायला हवा. लोकशाहीत मत ही केवळ आवडनिवड नसते. जे सरकार निवडायचं त्याच्या हाताखाली पाच वर्षं राहायचं, त्याच्या दवाखान्यात जायचं, त्याच्या शाळेत मुलं घालायची, त्याच्या पोलिस ठाण्याची पायरी चढायची, हे मान्य करून माणूस बटण दाबतो. परदेशस्थ यातलं काहीच करत नाही. 4 जूनला सेन्सेक्स सुमारे 4,390 अंकांनी कोसळला तेव्हा आमच्या खोलीतले चारजण फोन काढून म्युच्युअल फंड पाहू लागले. त्या दिवशी भारतातल्या निकालाचा प्रत्यक्ष चटका आम्हाला तेवढाच बसला. याहून अवघड गोष्ट अशी की कधीकधी आमचं हित गावाच्या हिताच्या उलट दिशेला असतं. रुपया घसरला की आयात तेल महागतं, खत महागतं, भावाचा खर्च वाढतो. माझे युरो मात्र त्याच दिवशी जड होतात. इतक्या वेगळ्या तराजूवर उभं राहून दोघांनी एकाच निकालाचं सारखंच वजन करायचं म्हटलं तर ते जमेल का?

हा मुद्दा मला पुस्तकातून समजलेला नाही. मी जर्मनीत तेरा वर्षं राहते, कर भरते, मुलं इथल्या शाळेत जातात, आणि मला इथे मत नाही. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना इथे नगरपालिकेलाही मत देता येत नाही. दोन राज्यांनी परक्यांना स्थानिक मताधिकार देऊन पाहिला तेव्हा घटनात्मक न्यायालयाने 1990 मध्ये तो रद्द केला. जून 2024 च्या अखेरीला जर्मनीने कायदा बदलला आणि नवं नागरिकत्व घेताना जुनं सोडायची अट काढली. पण भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीयत्व संपतं, त्यामुळे त्या दुरुस्तीचा आम्हाला उपयोग नाही. माझ्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे. म्हणजे जिथले कायदे मला रोज लागू होतात तिथे मला मत नाही, आणि जिथे मत आहे तिथले बहुतेक कायदे मला शिवत नाहीत. आपल्या आयुष्यावर दुसऱ्यांनी ठरवलेलं सगळं निमूट स्वीकारायचं म्हणजे काय, हे मला इथे कळलं. तीच वेळ मी दिंडोरीतल्या कुणावर दुरून आणू इच्छित नाही.

तरीही चुलतभावाचा निष्कर्ष मला मान्य नाही. कारण मत देणं आणि बोलणं या दोन गोष्टी आहेत. दादाभाई नौरोजी 1855 मध्ये इंग्लंडला गेले आणि आयुष्याचा मोठा काळ तिथे राहिले. 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले. भारतातली संपत्ती कशी बाहेर वाहून नेली जाते याचा हिशेब त्यांनी तिथे बसून, सरकारी आकडे चाळून मांडला. गावात राहून तो मांडता आला असता का? कागद तिथे होते, जाब विचारायची जागा तिथे होती. आणीबाणीत देशातल्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, हजारो लोक तुरुंगात गेले, तेव्हा अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीयांनी सभा घेतल्या, पत्रकं काढली, तिथल्या वर्तमानपत्रांना खरी हकिकत पुरवली. त्यांना कुणी "तुम्ही बाहेर आहात, गप्प बसा" म्हटलं असतं तर कुणाचं भलं झालं असतं?

पण या लोकांनी बोट कुणाकडे दाखवलं ते पाहायला हवं. दादाभाईंनी रयतेला अडाणी म्हटलं नाही. त्यांचं बोट राज्यकर्त्यांकडे होतं. आणीबाणीविरुद्ध परदेशात उठलेला आवाजही सत्तेविरुद्ध होता. आणि आणीबाणी संपवली ती अखेर देशातल्याच मतदारांनी, ज्यांच्यातले बहुसंख्य तेव्हा निरक्षर होते. 1977 मध्ये त्यांनी खुद्द इंदिरा गांधींना रायबरेलीत पाडलं, आणि तीन वर्षांनी त्यांनाच 353 जागा देऊन परत आणलं. 1977 ला शहाणी ठरलेली जनता 1980 ला वेडी झाली असं म्हणणारे तेव्हाही होतेच. मला वाटतं, दोन्ही वेळी ती आपापल्या अनुभवाने वागत होती. तो अनुभव ज्यांच्या वाट्याला आला नव्हता त्यांना त्याचा अर्थ लावणं जड गेलं.

इथे गोखले आणि गांधी यांची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. दक्षिण आफ्रिकेत एकवीस वर्षं काढून गांधी 9 जानेवारी 1915 ला मुंबईत उतरले, तेव्हा ते अक्षरशः परतलेले परदेशस्थ होते. गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतलं: वर्षभर देश पाहायचा, सार्वजनिक प्रश्नांवर मत द्यायचं नाही. त्याच फेब्रुवारीत गोखले गेले, पण गांधींनी वचन पाळलं. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून ते देशभर फिरले आणि 1916 च्या फेब्रुवारीत काशीला बोलले ते मंचावर बसलेल्या राजेरजवाड्यांच्या दागिन्यांवर आणि रेल्वेतल्या, देवळांतल्या घाणीवर. ही गोष्ट "आधी पाहा, मग बोला" म्हणणाऱ्यांच्या सोयीची आहे. मात्र तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. याच गांधींनी 1909 मध्ये लंडनहून आफ्रिकेला जाताना बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहिलं होतं. गोखल्यांना ते इतकं कच्चं वाटलं की भारतात वर्षभर राहिल्यावर गांधी स्वतःच ते नष्ट करतील असं ते म्हणाले होते. गांधींनी ते नष्ट केलं नाही. पुढेही ते त्यातल्या मूळ विचाराला धरून राहिले. म्हणजे दुरून केलेला विचार दुरून केला म्हणून खोटा ठरत नाही. पण तो लोकांमध्ये रुजवायचा तर आधी लोकांचं ऐकावं लागतं, आणि त्या एका वर्षाने गांधींना ते दिलं.

ज्यांनी ऐकलं नाही आणि तरी ज्यांच्यापुढे मान लवते, असेही आहेत. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे शिकायला अमेरिकेत गेले आणि गदर चळवळीत शिरले. पहिलं महायुद्ध पेटल्यावर गदरचे लोक हिंदुस्थान उठावाला तयार आहे या विश्वासाने परतले. पंजाबातली गावं तयार नव्हती, सैन्यातला कट फुटला. मार्च 1915 मध्ये पिंगळे मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले आणि नोव्हेंबरात लाहोरला फासावर गेले. सान फ्रान्सिस्कोत बसून बांधलेला अंदाज चुकला होता. पण तो चुकल्यावर त्यांनी पंजाबच्या शेतकऱ्याला नालायक ठरवलं नाही. चुकीची किंमत त्यांनी स्वतः मोजली.

माझ्या भूमिकेवरचा सर्वात अवघड आक्षेप मी राहते त्याच देशातून येतो. मतदाराला मूर्ख म्हणायचं नाही हे ठीक, पण लोक भयंकर चूक करतात तेव्हा काय? जर्मनीत जुलै 1932 मध्ये नाझी पक्षाला 37 टक्के आणि मार्च 1933 मध्ये जवळजवळ 44 टक्के मतं मिळाली. दुसरी निवडणूक दहशतीच्या सावटात झाली होती, निर्भेळ बहुमत त्यांना कधीच मिळालं नव्हतं, हे सगळं खरं. तरी त्या कोट्यवधी मतांपुढे "त्यांचीही काही कारणं असतील" म्हणून हात जोडायचे का?

नाही. आणि याचं उत्तरही इथेच एका जुन्या भांडणात सापडतं. जर्मन कादंबरीकार थॉमस मान 1933 च्या फेब्रुवारीत व्याख्यानांसाठी बाहेर पडले आणि परतू शकले नाहीत; 1936 मध्ये त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. 1940 पासून ते अमेरिकेतून बीबीसीवर जर्मन लोकांशी बोलत राहिले. युद्ध संपल्यावर, 1945 च्या ऑगस्टमध्ये, फ्रांक टीस या देशातच राहिलेल्या लेखकाने त्यांच्यासारख्यांना सुनावलं की ज्यांनी जर्मनीची शोकांतिका परदेशातल्या प्रेक्षागृहात बसून पाहिली त्यांच्यापेक्षा ती इथे राहून सोसणारे अनुभवाने अधिक समृद्ध झाले. पुण्याच्या चुलतभावाचं वाक्यच होतं हे, फक्त साहित्यिक भाषेतलं! पण त्या भांडणात मला मान बरोबर वाटतात. देशात राहणं हे आपोआप पुण्य होत नाही. राहून डोळे मिटून घेणारेही असतात. शिवाय रेडिओवर मान जे सांगत होते ते ऐकणाऱ्यांना दुसरीकडून कळण्याची सोयच नव्हती. ज्यूंना विषारी वायूने मारलं जात आहे हे ते 1942 मध्ये बोलले, जेव्हा परदेशी रेडिओ ऐकणं हाच जर्मनीत गुन्हा होता. त्यांच्या शब्दांत जर्मनांवरचा रागही पुष्कळ होता. पण त्या रागासोबत ते माहिती देत होते.

मग आम्ही त्या पहाटे टीव्हीसमोर बसून जे बोलत होतो त्यात असं काय होतं जे निफाडच्या माणसाला ठाऊक नव्हतं? उलट त्याला ठाऊक असलेलं आम्हाला ठाऊक नव्हतं. आणि मान यांना देशाबाहेर राहणं भाग पडलं होतं, हाही फरक विसरता येत नाही. आम्ही चांगल्या पगारासाठी, चांगल्या हवेसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी आपणहून आलो. त्यात अपराध काही नाही. पण निर्वासिताचा नैतिक अधिकार नोकरीच्या व्हिसावर मिळत नाही. लोक चुकले असं वाटलं तर परदेशस्थाने जरूर सांगावं: कुठे चुकले, कशावरून, त्याचे परिणाम इतरत्र कसे दिसले. "अडाणी आहेत" हे यातलं काहीच सांगत नाही.

पैशाचा मुद्दाही लगेच पुढे येतो. 2024 मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे 129 अब्ज डॉलर मायदेशी पाठवले, जगात सर्वाधिक, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा वाटा सर्वात मोठा. एवढा हातभार लावणाऱ्याच्या शब्दाला वजन नको का, असं विचारलं जातं. हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. एक तर तो पैसा आपण आपल्याच घरी पाठवतो, देशावर उपकार म्हणून नव्हे. दुसरं म्हणजे, पैसा पाहून मताचं वजन ठरवायची पद्धत आपल्याकडे होती. इंग्रजांच्या काळात मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटींवर मूठभरांनाच मत असे. बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढांना मत मागितलं, आणि राज्यघटनेने ते दिलं. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत 17 कोटींहून अधिक लोक मतदारयादीत आले, ते काय भरतात हे न विचारता. ती वाट परत मागे वळवायची?

आता मताधिकाराबद्दल. कायद्याने परदेशस्थ नागरिकाला 2011 पासून मतदारयादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन आपल्या गावच्या केंद्रावर यावं लागतं. बदली व्यक्तीमार्फत मत देण्याची सोय करणारं विधेयक 2018 मध्ये लोकसभेत संमत झालं आणि ती लोकसभा विसर्जित होताना बारगळलं. 2024 मध्ये सुमारे 1 लाख 19 हजार परदेशस्थांची नोंद होती. त्यांतल्या 2,958 जणांनी मत दिलं, आणि त्यांतले 2,670 एकट्या केरळचे होते. हा आकडा मी कितीदा तरी पाहिला. केरळचा माणूस तिकीट काढून मत द्यायला जातो, कारण आखातातल्या कामगाराचं घर, बायको-मुलं, रेशनकार्ड, म्हातारपण, सगळं केरळातच असतं. तो आखातात तीस वर्षं राबला तरी त्याला तिथलं नागरिकत्व मिळण्याची आशा जवळजवळ नसते. आपल्याकडे रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे. मायदेशातलं सरकार बदललं की त्याचा परिणाम या माणसाच्या अंगावर पडतो: त्याचा दूतावास त्याच्या पाठीशी उभा राहतो का, एजंटाने फसवलं तर दाद कुठे मिळते, गावातलं आरोग्य केंद्र चालतं का.

"एनआरआय" म्हटलं की डोळ्यांपुढे मी येते, तो येत नाही. आणि टपाली मतदानाची मागणी मोठ्याने करणारेही माझ्यासारखेच असतात. त्या मागणीचं काय होऊ शकतं ते मी शेजारी पाहिलं आहे. 2023 च्या मे महिन्यात तुर्कस्तानच्या अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत एर्दोआन यांना एकूण 52 टक्के मतं पडली. जर्मनीत राहणाऱ्या तुर्की मतदारांमध्ये हे प्रमाण 67 टक्क्यांच्या आसपास होतं. तुर्कस्तानात महागाईने माणसं पिचली होती, इथल्यांचे युरो लिरा पडल्याने फुगत होते. आपल्याकडे मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर 48 मतांनी निवडून आले. अंधेरी-गोरेगावचे किती लोक न्यू जर्सीत, दुबईत, लंडनमध्ये असतील? तिथे कोण जिंकणार हे तिथे न राहणाऱ्यांनी ठरवायचं का?

म्हणून मला जर्मनीचा नियम विचार करण्याजोगा वाटतो. परदेशी राहणाऱ्या जर्मनाने वयाच्या चौदाव्या वर्षानंतर किमान सलग तीन महिने देशात काढलेले असावेत आणि त्याला पंचवीसपेक्षा जास्त वर्षं उलटलेली नसावीत, अशी साधारण अट आहे. ब्रिटनने मात्र उलट केलं: पंधरा वर्षांची मर्यादा 2024 च्या सुरुवातीला काढून टाकली, कारण नागरिक तो नागरिक, त्याला मुदत कसली, असा युक्तिवाद झाला. त्या युक्तिवादाला तोड काढणं सोपं नाही हे मी कबूल करते. पण सुरुवात कुठून करायची याचं उत्तर आपल्या कायद्यात आधीच आहे. दहावी न झालेल्या कामगाराला आखातासह अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते. त्याच्या पासपोर्टची नोंदच वेगळी असते. त्याला विशेष संरक्षण लागतं हे राज्याने मान्य केलेलं आहे. मग दूतावासात मत द्यायची पहिली सोय त्यालाच का नको? अडचणी आहेत: कित्येक ठिकाणी पासपोर्ट मालकाच्या ताब्यात असतो, कामगारांच्या वसाहतीतून एका दिवसाची सुट्टी मिळणंही मुश्कील, मताची गुप्तता राखणं तर आणखी अवघड. सियाचीनच्या जवानाचं मत आणायची युक्ती ज्या निवडणूक आयोगाने काढली त्याला हे अशक्य आहे असं मला वाटत नाही. माझं नाव त्या रांगेत शेवटी असलं तरी चालेल.

4 जूनला निकाल लागला, 9 जूनला शपथविधी झाला. 12 जूनच्या पहाटे कुवेतमधल्या मंगफ भागात कामगार राहत असलेल्या इमारतीला आग लागली आणि दाटीवाटीने झोपलेली माणसं धुरात गुदमरली. दोन दिवसांनी हवाई दलाचं विमान 45 भारतीयांचे मृतदेह घेऊन आधी कोचीला आणि मग दिल्लीला उतरलं. त्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच मित्राकडे जमलो होतो. बातमी लागली, सगळे क्षणभर हळहळले, आणि बोलणं परत कुणाला कुठलं खातं मिळालं याकडे वळलं. परदेशस्थांना मत असावं की नसावं यावर त्या खोलीत आठवडाभर तावातावाने बोलणं चाललं होतं, आणि त्या 45 जणांतल्या कितींची नावं मतदारयादीत होती, हे विचारायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. मलाही नाही.